फोन पालथा ठेव आणि मला सांग

कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी भाजी निवडत असेल, तर हातातलं काम चालू राहू द्या. आजचं बोलणं कॉलेजात जाणाऱ्या मुलींबद्दल आहे, पण ते मुलींसाठी नाही. त्यांच्या आयांसाठी, चुलत्यांसाठी, आज्यांसाठी आहे. आणि लग्नानंतर शिकणारी सून ज्यांच्या घरात आहे, त्या सासूबाईंसाठी तर नक्कीच आहे.

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "ताई, आमची पोरगी सारखी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली असते. विचारलं की म्हणते अभ्यास करतेय. खरं का खोटं, आम्हाला कसं कळायचं?"

प्रश्न खरा आहे. आपल्या वेळी अभ्यास लांबून दिसायचा. पुस्तक उघडं असायचं, वहीची पानं भरायची, पाठांतराचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा. आता अभ्यास, सिनेमा, मैत्रिणीशी गप्पा आणि नको ते, सगळं त्याच एका काचेत असतं. बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. मान खाली आणि अंगठा वर-खाली.

गेल्या वर्षी जूनमध्ये सातारा जिल्ह्यातल्या आमच्या एका गटात याच प्रश्नावरून चांगलंच वाजलं. बारा जणींचा गट आहे, महिन्याला दोनशे रुपये बचत. त्यातल्या एका ताईंनी १२,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण, लेकीला मोबाइल घ्यायचाय. लेक तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्र घेऊन शिकते. शेळीला, शिलाई मशिनला, दवाखान्याला, बियाणाला कर्ज द्यायला गटात कधी कुणाची ना नसते. मोबाइल म्हटल्यावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "शेळी दोन करडं तरी देती, मोबाइल काय देणार?" दुसरी म्हणाली, "आज घेशील आणि उद्या रडत येशील. पोरगी हाताबाहेर गेली म्हणून." त्यावर त्या ताई शांतपणे म्हणाल्या, "पोराच्या मोबाइलसाठी मागितलं असतं तर एवढं कुणी बोललं असतं का?" मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

मी गटांची समन्वयक. कर्ज कुणाला द्यायचं ते गट ठरवतो, मी नाही. मी एवढंच सुचवलं, की शेळी घेताना आपण शेळी बघतो, चारा कुठून येणार ते विचारतो. तसं पोरीलाच बैठकीला बोलवा आणि विचारा, तू अभ्यास करतेस तो कसा करतेस, सकाळपासून रात्रीपर्यंत सांग.

पोरगी आली. आधी लाजली, मग बोलायला लागली. त्यानंतर आमच्या भागातल्या आणखी बऱ्याच मुलींशी मी हाच विषय काढून बोलले. प्रत्येकीचं घर वेगळं, कॉलेज वेगळं, पण दिवस जवळजवळ सारखाच निघाला. तो तुम्हाला सांगते.

सकाळची एसटी पावणेसातची. बसायला जागा मिळाली तर कानात तार आणि व्याख्यानाचा व्हिडिओ, तोही दीडपट वेगानं. कारण पाऊण तासाचं व्याख्यान अर्ध्या तासाच्या प्रवासात बसवायचं असतं. व्हिडिओ रात्रीच उतरवून ठेवलेला, कारण घाटात रेंज जाते. बोलणारे सर कुठल्या तरी लांबच्या शहरातले, हिंदीत शिकवणारे. ते एकदाही ह्या मुलींना भेटलेले नाहीत, पण मुली त्यांना "आमचे सर" म्हणतात! कॉलेजात तास होतात, काही होत नाहीत. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यावर सूचना, वेळापत्रक आणि परीक्षा जवळ आली की कुणाकुणाच्या नोट्सचे फोटो. इंग्रजी पुस्तकातला उतारा समजला नाही तर त्यावर फोनचा कॅमेरा धरायचा, मराठी अक्षरं उमटतात. भाषांतर कधी चांगलं असतं, कधी वाचून हसू येईल असं. संध्याकाळी घरी आल्यावर धुणं, पाणी, स्वयंपाक. त्यानंतर फोन भावाच्या हातात. रोजचं दीड जीबी नेट, त्यातलं सव्वा तो संपवतो. रात्री दहाला फोन परत मिळतो, तेव्हा चार्जिंगही नसतं आणि नेटही नसतं.

बैठकीत ती पोरगी हे सांगत होती तेव्हा तिची आई म्हणाली, "हे मला पण माहीत नव्हतं." एकाच घरात राहून.

आमच्या पिढीचं थोडं सांगते, म्हणजे फरक कळेल. मी बीए केलं ते लग्नानंतर, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. १९८९ साली हे विद्यापीठ सुरू झालं तेच ज्यांना रोज कॉलेजात जाणं जमत नाही अशांसाठी. अभ्यासकेंद्रावरून पुस्तकं मिळायची, आणि ती घरी बसून एकटीनं वाचली तरी समजतील अशी लिहिलेली असायची. अधूनमधून रविवारी तास व्हायचे. हातात बटणांचा साधा फोन. मंगळवारी शंका आली तर ती पुढच्या रविवारपर्यंत पदराला गाठ मारून ठेवायची. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजांना कुलपं लागली तेव्हा सगळं शिक्षणच फोनमध्ये शिरलं. त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या परीक्षाही बऱ्याच मुलांनी ऑक्टोबरमध्ये फोनवर, पर्यायांवर खुणा करून दिल्या. रेंजसाठी डोंगरावर, टाकीवर चढलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. कॉलेजं उघडली, पण ती सवय काही परत गेली नाही. मला तेव्हा असा फोन असता तर मंगळवारची शंका मंगळवारीच फिटली असती, हे मी कबूल करते. म्हणून फोन वाईट म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

पण दुसऱ्या रांगेतही नाही. "आजकालच्या पोरांना सगळं येतं, जन्मल्यापासून फोन आहे त्यांच्या हातात", असं आपण कौतुकानं म्हणतो. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकानं २००१ साली अशा मुलांना एक नावच देऊन टाकलं, डिजिटल नेटिव्ह. म्हणजे जणू त्या जगाचे जन्मजात रहिवासी. नाव गाजलं, पण खरं किती? आमच्या मुलींचं बघा. रील बनवतील, फोटो सजवतील, कुठल्याही गाण्यावर ओठ हलवतील. पण कॉलेजनं सांगितलं, प्रकल्प टाइप करून ईमेलनं पाठवा, की हात थांबतात. ईमेल उघडलेला असतो तो फक्त फोन सुरू करण्यापुरता, पासवर्ड दुकानदाराला माहीत. फोटो पन्नास केबीच्या आत बसवा म्हटलं की सेवा केंद्र गाठायचं आणि तीस रुपये मोजायचे. मराठी टाइप करायचं तर इंग्रजी अक्षरांतच लिहितात. मराठीत नुसतं बोललं तरी फोन ते देवनागरीत लिहून देतो, हे कित्येकींना माहीत नसतं. मी एका मुलीला माइकचं चिन्ह दाबून दाखवलं तर ती अर्धा तास नुसतं बोलतच बसली, आजीच्या गोष्टीसुद्धा लिहून काढल्या. हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही, आणि शिकवायचं कुणी, हे ठरलेलं नाही. कॉलेजला वाटतं पोरांना येतच असेल. घराला वाटतं कॉलेजात शिकवत असतील.

आणि ओटीपीचं दुखणं तर वेगळंच. प्रवेश ऑनलाइन, परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, गुणांचं खातं डिजिलॉकरमधून काढायचं. प्रत्येक ठिकाणी आधार, आणि आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. वडील रानात नाहीतर ऊसतोडीवर. ओटीपी येतो त्यांच्या फोनवर, आणि तो दहा मिनिटांत शिळा होतो. ते पाण्याच्या मोटरीजवळ असतात, रिंग ऐकू येत नाही. मुलगी सेवा केंद्राच्या बाकावर, मागे रांग. ओटीपी मिळेपर्यंत रांगेतले पुढे जातात, मग केंद्र बंद, आणि मुलीची एक खेप वाया. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं २०२३ पासून, तरी दिवस पूर्णच जातो. शिष्यवृत्तीची तारीख चुकली की फीचा प्रश्न, आणि फीचा प्रश्न आला की घरात कुणीतरी हळूच स्थळाचा विषय काढतं. म्हणून सांगते, मुलगी अकरावीला गेली की तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर हे काम होतं, तिथं बोटांचे ठसे लागतात, थोडी फी लागते. पण पुढची पाच वर्षं खेपा वाचतात.

नंबर कुणाचा, फोन कुणाचा, ही गोष्ट लहान नाही. सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ मध्ये झालं. त्यात देशभरात विचारलं होतं, कधी तरी इंटरनेट वापरलंय का? पुरुषांमध्ये शंभरातले ५७ हो म्हणाले, बायकांमध्ये ३३. स्वतः वापरते असा मोबाइल आहे का, तर शंभरातल्या ५४ बायका हो म्हणाल्या. म्हणजे उरलेल्या ४६ जणींच्या घरात फोन असला तरी तो दुसऱ्या कुणाचा. आपल्या मुली या आकड्यांतूनच कॉलेजात जातात.

तर मग त्या कर्जाचं काय झालं? गटानं दिलं. महिना दोन टक्के व्याज, एक हजार मुद्दलाचा हप्ता, बारा महिन्यांत फेड. एकूण व्याज झालं १,५६० रुपये, आणि ते गटातच राहिलं, बाहेर कुठे गेलं नाही. फोन आला. पोरगी मन लावून अभ्यास करायला लागली, आईनं स्वतः पाहिलं, रात्री अकरापर्यंत व्हिडिओ. आणि सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला.

आता त्या बैठकीत काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. "शेळी घेतली असती तर" हे वाक्य मी त्या दिवशी किमान चार वेळा ऐकलं.

मी त्या मुलीशी वेगळं बोलले. ती रडवेली होती, पण एक गोष्ट तिनं फार नेमकी सांगितली. म्हणाली, "ताई, व्हिडिओ बघताना मला सगळं समजत होतं. पेपर हातात आला आणि पहिलं वाक्य सुचेना." मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका, कारण फोनवर शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाची अडचण यात आहे. सर छान बोलतात, फळ्यावर आकृती निघते, आपण मान डोलावतो. वाटतं, आलं की! पण ते सरांना येत असतं. दुसरीला पुरणपोळी लाटताना दहा वेळा बघितलं म्हणून आपली पहिली पोळी फाटायची राहते का?

यावर अभ्यासही झालेले आहेत. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. आणि गंमत म्हणजे आपल्या जास्त लक्षात राहील असं पुन्हा वाचणाऱ्यांनाच वाटत होतं. आता व्हिडिओ म्हणजे तर वाचण्याहून सोपं. डोळे उघडे ठेवले की झालं. त्यात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर येणाऱ्या "मोस्ट आयएमपी"च्या पीडीएफ. चाळीस पानं फोनमध्ये आली की चाळीस पानं डोक्यात गेल्यासारखं वाटतं.

इथं तुमचं काम सुरू होतं. आणि त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, फोन चालवता यावा लागत नाही, सही येत नसली तरी चालतं. मुलीनं व्हिडिओ पाहिला की तिला म्हणायचं, "फोन पालथा ठेव आणि मला सांग, काय शिकलीस?" एवढंच. आणि समजेपर्यंत "म्हणजे काय?" विचारत राहायचं. लाजायचं नाही. ती वैतागेल, "आई, तुला नाही कळणार" म्हणेल. तेव्हा म्हणायचं, कळेल असं सांग. ज्याला येतं त्यालाच साधं करून सांगता येतं, आणि जिथं ती अडखळते तिथंच तिचा अभ्यास राहिलाय, हे तिचं तिलाच कळतं.

त्या घरात हे सुरू झालं तेव्हाचा एक प्रसंग मी स्वतः पाहिलाय. मी हप्त्याच्या कामाला गेले होते. आई भाकऱ्या थापत होती, लेक ओट्याशी उभी. विषय होता मागणीची लवचिकता. लेकीनं पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. आई म्हणाली, "म्हणजे काय?" लेक म्हणाली, "भाव वाढला की मागणी किती कमी होते ते." आता ही आई दर सोमवारी बाजारात भाजी विकते. ती म्हणाली, "मग असं सांग की. कांदा महागला तरी गिऱ्हाईक घेतंच, किलोच्या जागी अर्धा किलो घेतं, पण घेतं. ढोबळी मिरची महागली की टोपलीकडं बघत पण नाही." लेक बघतच राहिली. कांद्याची मागणी कमी लवचिक आणि ढोबळी मिरचीची जास्त, हे त्या पुस्तकाच्या दोन पानांचं सार तिच्या आईनं भाकरी उलटता उलटता सांगितलं होतं. पुढच्या परीक्षेत तो राहिलेला पेपर निघाला. गुण काही फार नाहीत, पन्नासच्या आतबाहेर. पण उत्तर तिचं तिनं लिहिलं होतं आणि त्यात कांदा होता, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं.

आता त्या नव्या पाहुण्याबद्दल. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि त्याच्या मागोमाग तसलीच आणखी काही. प्रश्न टाका, मराठीतसुद्धा, पानभर उत्तर येतं. मुली वापरतात, मुलगे वापरतात, आणि मला खात्री आहे, काही प्राध्यापकही वापरतात. कॉलेजात घरून लिहून आणायचे निबंध असतात, ते सगळे आता एकाच साच्यातून निघाल्यासारखे येतात. सुरुवात एक, शेवट एक, फक्त रोल नंबर वेगळा. त्यातून काय शिकणं होतं, हे मी सांगायला नको. उताऱ्यावर बोटही न फिरवता तो वहीत उतरवला तर निदान अक्षर तरी सुधारायचं पूर्वी.

पण याचाही चांगला उपयोग करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. एकीनं सांगितलं, "मी त्याला उत्तर मागत नाही, मला प्रश्न विचार म्हणते. दहा प्रश्न विचार, मी उत्तरं देते, चुकलं तर सांग." ही हुशारी तिची तिला सुचलेली. दुसरी एक इतिहासाची विद्यार्थिनी, सावित्रीबाई फुल्यांवर टिपण लिहीत होती. यंत्रानं लिहून दिलं, जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, जिल्हा पुणे. तारीख बरोबर. पण नायगाव खंडाळा तालुक्यात, आपल्या सातारा जिल्ह्यात! ही मुलगी कॉलेजच्या सहलीतून तिथं जाऊन आलेली होती, म्हणून तिला खटकलं. वर्गातल्या बाकीच्यांच्या वहीत पुणे जिल्हाच गेला. हे असं का होतं, तर ते यंत्र मुळात माहिती पडताळून बोलत नाही. अफाट मजकूर त्याला दिलेला असतो, त्यावरून पुढचा शब्द कोणता शोभेल त्याचा अंदाज बांधत ते वाक्य जुळवतं. बरोबर असलं तरी तसंच ठासून सांगतं आणि चूक असलं तरी तसंच. कधी कधी नसलेल्या पुस्तकाचं नावही लेखकासकट देतं. त्यामुळे मुलीला एक प्रश्न विचारायचा, "हे तुला कुणी सांगितलं?" फोननं सांगितलं म्हणाली तर, "फोनला कुणी सांगितलं?"

याचं उत्तर जिथं खात्रीनं मिळतं अशा जागा फोनवरच आहेत आणि फुकट आहेत, पण आमच्या मुलींपैकी बहुतेकींना त्यांची नावं माहीत नव्हती. आपल्याच वाईत ज्याचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं, तो मराठी विश्वकोश आता फोनवर वाचता येतो. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, नॅशनल डिजिटल लायब्ररी म्हणून शोधलं की सापडतं. केंद्र सरकारचं स्वयम् २०१७ पासून सुरू आहे. त्यावर विद्यापीठांच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. आपल्या कॉलेजात ती सोय आहे का, हे मुलींनी कार्यालयात जाऊन विचारावं. बरंचसं इंग्रजी-हिंदीत आहे, ही अडचण आहेच. आपल्या भाषेत बीए-बीकॉमचं चांगलं शिकवणारं फार थोडं सापडतं, आणि तेवढ्यासाठी मुली त्या लांबच्या हिंदी सरांकडे जातात. ही तक्रार मात्र मुलींबद्दल नाही, आपल्या विद्यापीठांबद्दल आहे.

शेवटची एक गोष्ट, जरा अवघड आहे, घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मुलीला त्रास देणारे मेसेज येतात, कुणी फोटो मागतो, कुणी फोटो जोडून धमकी देतो. मुली गप्प राहतात. मी विचारलं का, तर सगळ्यांचं उत्तर एकच आलं, "घरी सांगितलं तर पहिला फोन काढून घेतील. मग कॉलेज बंद." म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण सुटणार हिचं. एका मुलीनं तर चार महिने कुणाला न सांगता काढले, त्या काळात ती वर्गातही जाईनाशी झाली होती. तिच्या मावशीला आधी कळलं, आईला नाही. मावशी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली, आणि ते प्रकरण मिटलं. फोन तिच्याकडेच राहिला, हे मावशीनं घरी आधी कबूल करून घेतलं होतं.

तर आजच संध्याकाळी मुलीला एवढं सांगून टाका, काही झालं तरी तुझा फोन मी काढून घेणार नाही, आधी मला सांग. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. मेसेज पुसायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे. हे दोन नंबर आपल्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्या गटाचं मी सांगितलं, त्यांनी आता ठराव करून शिक्षणासाठीच्या कर्जात मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही घातलेत. अट एकच, मुलगी असो की मुलगा, कर्ज चालू आहे तोवर महिन्यातून एकदा बैठकीत येऊन पाच मिनिटं काहीतरी शिकवायचं. मागच्या महिन्यात एका मुलानं फोनवरून सातबारा कसा काढायचा ते शिकवलं. "मोबाइल काय देणार" म्हणणाऱ्या मावशी सगळ्यात पुढे बसल्या होत्या, आणि त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या गटाचा नंबर टाकून बघितला. नवऱ्याच्या नावाखाली आपलं नाव लागलंय का, ते त्यांना बघायचं होतं.

पुढच्या गुरुवारी याच वेळी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल बोलणार आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला फोन, एवढं शोधून हाताशी ठेवा. नमस्कार.